खोटें पिस्तूल आणि खरी शिक्षा

शिरगांवच्या आमच्या घराच्या ओटीवर गेल्या दिवाळींत जो वाद झाला, तो आज वाचकांपुढें मांडण्याचें कारण असें, कीं त्यांत आम्ही एकटे पडलों. आणि एकट्या पडलेल्या माणसास आपलें म्हणणें लिहून काढल्यावांचून चैन पडत नाहीं. ओटीवर जमलेली मंडळी सारी शहाणीसुरती होती. एक निवृत्त अधिकारी, एक बोईसरकडले सराफ, एक वकील, दोघे आमच्याच पेशाचे. विषय निघाला तो वर्तमानपत्रांतील एका नेहमींच्या मजकुरावरून. दोघे दुकानांत शिरतात, पिस्तूल रोखतात, गल्ला रिकामा करून पसार होतात. पुढें सांपडल्यावर पाहावें तों पिस्तूल प्लास्टिकचें! अशा बातम्या अधूनमधून येतच असतात. मंडळींचा निकाल पांच मिनिटांत लागला. खेळण्यांतलें असो कीं खरें असो, पिस्तुलासारखी वस्तु जवळ बाळगून रस्त्यांत हिंडणें हाच गुन्हा ठरवावा. खऱ्या पिस्तुलास जी शिक्षा तीच त्यास द्यावी. आणि दोन वर्षांहून कमी देण्याची न्यायाधीशास मुभाच ठेवूं नये. सराफांनीं तर 'दोन कशाला, सात ठेवा,' अशी पुस्ती जोडली.

आम्हांस हें मत नुसतें चुकीचें नव्हे, अन्यायाचें वाटतें. तसें वाटण्यास आदल्याच दिवशीं सकाळीं घडलेली एक गोष्ट कारण झाली. ती आधीं सांगतों.

शिरगांवचा किल्ला समुद्राजवळ आहे. १७३९ च्या जानेवारींत चिमाजी अप्पांच्या फौजांनीं माहीम, केळवें, तारापूर ह्या ठाण्यांबरोबर तोही फिरंग्यांपासून घेतला. तारापूर घेतांना बाजी भिवराव पडले, हें इतिहासाच्या पुस्तकांत मुलें वाचतात. आमच्या पुतण्याचा मुलगा मुंबईस इंजिनियरिंगच्या वर्गांत शिकतो. त्याच्या मनांत ह्या स्वारीचें चित्र मोबाइलवर घ्यावयाचें आलें. जोडीला आमच्या वाडींत कामास येणाऱ्या बाईंचा मुलगा. वय तेंच, एकोणीस. तारापूरच्या एका कारखान्यांत कंत्राटदाराकडे रोजंदारीवर आहे. लहानपणापासून दिवाळींत दोघांनीं मिळून अंगणांत मातीचे किल्ले केलेले. ह्या खेपेस किल्ला खरा होता, पण हत्यार पेशवाईंतलें नव्हतें. मुंबईच्या बाजारांतून आणलेलें, काळें कुळकुळीत, हुबेहूब दिसणारें एक पिस्तूल दोघे आळीपाळीनें हातीं घेत होते. तें आमच्याच घरच्या पैशानें आलेलें होतें, हें ध्यानांत ठेवावें.

२००८ च्या नोव्हेंबरांत समुद्रावाटे मुंबईवर जो प्रसंग आला, तेव्हांपासून ह्या किनाऱ्यावर पोलिसांचें लक्ष असतें, आणि तें असावेंच. गस्तीची गाडी थांबली ह्यांत आम्ही कोणास दोष देत नाहीं. लांबून पाहणारास तें पिस्तूल खरेंच वाटावें. गाडी आली तेव्हां तें दुसऱ्याच्या हातीं होतें. शिपायानें दोघांस नांवगांव विचारलें. पहिल्यानें आडनांव सांगितलें, कॉलेज सांगितलें, घर सांगितलें. 'सरांच्या घरचे होय? जरा जपून,' एवढें बोलून शिपायानें त्याच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्यास गाडींत घातलें.

आम्ही पोहोंचलों तों दोन तास लोटले होते. मुलगा भिंतीशीं जमिनीवर बसला होता आणि पिस्तूल टेबलावर होतें. 'हत्यारांचा कायदा लागेल, शिवाय मनाई हुकूमही चालू आहे,' असें आम्हांस सांगण्यांत आलें. खेळणें आमच्या घरचें आहे असें आम्हीं सांगतांच टेबलामागील गृहस्थ हंसले. 'मग आधीं सांगायचं ना, सर!' मुलगा सुटला. कागदावर एक अक्षर उमटलें नाहीं. परत येतांना तो वाटभर बोलला नाहीं, आणि आम्हांसही बोलावयास कांहीं सुचलें नाहीं.

ही हकीकत ओटीवर सांगितली तेव्हां निवृत्त अधिकारी म्हणाले, 'सुटला ना? मग झालें!' आमचें म्हणणें नेमकें हें, कीं झालें नाहीं. तो सुटला तो कायद्यांत सुटावयास जागा होती म्हणून, आणि आमच्यासारखा कोणी त्या जागेपर्यंत जाऊन पोहोंचला म्हणून. मंडळींस हवा असलेला कायदा असता, तर त्या पोराच्या हातीं पिस्तूल सांपडलें एवढ्यावर दोन वर्षें ठरलीं असतीं. आणि आमच्या पुतण्याच्या मुलाचीं? तीं ठरलीं नसतीं, हें त्या पाठीवरच्या थापेनेंच सांगून टाकलें आहे.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं, कारण ओटीवरल्या वादांत तेवढें सोडून बाकी सर्व झालें. १९५९ च्या हत्यारांच्या कायद्यानें 'हत्यार' शब्दाची व्याख्या केली आहे. जें केवळ खेळणें म्हणूनच उपयोगीं पडेल आणि ज्याचें चालू हत्यार बनवितां येणार नाहीं, तें त्या व्याख्येंतून स्पष्टपणें वगळलें आहे. घरगुती व शेतीच्याच कामाचीं साधनें, साधी काठी, हींही वगळलीं आहेत. नकली अग्निशस्त्राची गांठ पुढें पडते ती प्रथम सहाव्या कलमांत. तेथें नकलीचें असल बनविण्यास परवान्यावांचून मनाई आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर ह्या गुन्ह्यास सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. मग अठ्ठाविसावें कलम: स्वतःची किंवा दुसऱ्याची कायदेशीर अटक टाळण्यासाठीं खऱ्या वा नकली अग्निशस्त्राचा कसलाही उपयोग केल्यास सात वर्षांपर्यंत कैद व दंड. नक्कल म्हणजे काय, तेंही सांगितलें आहे. दिसावयास अग्निशस्त्र असलें म्हणजे झालें, त्यांतून गोळी सुटो वा न सुटो. सारांश, नकली वस्तु नुसती हातीं असण्याबद्दल ह्या कायद्यांत शिक्षा नाहीं. तिनें कांहीं दुष्कृत्य करूं पाहिलें कीं शिक्षा आहे, आणि ती हलकी नाहीं. खरें पिस्तूल विनापरवाना बाळगणारास मात्र नुसत्या बाळगण्याबद्दलच शिक्षा होते. ती पूर्वीं एक ते तीन वर्षें होती, २०१९ पासून दोन ते पांच आहे. हा भेद कायदा करणारांनीं झोंपेंत केलेला नव्हे.

लुटारूचें काय? जबरी चोरीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. रात्रीं हमरस्त्यावर केली तर चौदापर्यंत. पिस्तूल खोटें म्हणून ह्यांतून एक दिवस आपोआप कमी होत नाहीं. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागीं न्याय संहिता आली, कलमांचे आंकडे बदलले, हें माप तेंच राहिलें. तेव्हां प्लास्टिकच्या पिस्तुलानें गल्ला लुटणारा मोकळा सुटतो, हा समज निराधार आहे. फरक पडतो तो एवढाच. जबरी चोरी करतांना प्राणघातक शस्त्र वापरलें, तर न्यायाधीशास सात वर्षांहून कमी शिक्षा देतां येत नाहीं. आणि प्लास्टिकच्या नळीस प्राणघातक शस्त्र म्हणणें हें भाषेवर जुलूम केल्यावांचून शक्य नाहीं.

सराफांची तक्रार येथेंच होती, आणि ती थट्टेवारी नेण्यासारखी नाहीं. त्यांच्या दुकानांत हा प्रसंग एकदां घडून गेला आहे. चोर सांपडले नाहींत. नळी खरी होती कीं खोटी तें त्यांस आजतागायत ठाऊक नाहीं. 'माझ्या छातीला जें लागलं होतं तें खरंच होतं, प्राध्यापकमहाशय,' असें ते म्हणाले, आणि क्षणभर ओटी गप्प झाली. पुढें कित्येक महिने संध्याकाळीं दुकानाचें दार वाजलें कीं त्यांचा हात कांपे. भय हें हत्याराच्या खरेपणावर अवलंबून नसतें. सर्वोच्च न्यायालयानेंही १९७५ सालीं शस्त्र 'वापरणें' ह्या शब्दाचा अर्थ लावतांना असें ठरविलें आहे, कीं चाकू खुपसावयासच पाहिजे असें नाहीं. तो समोरच्याच्या दृष्टीस पडेल असा उघडा धरून भय घातलें तरी तो वापरलाच. मग सराफ विचारतात, दिसण्यानें भय घालणारा चाकू वापरला जातो, तर दिसण्यानें भय घालणारें खेळणें कां नाहीं?

ह्याचें उत्तर आम्ही असें देतों. भयाची शिक्षा जबरी चोरीच्या दहा वर्षांत आहेच; ती चोरीहून निराळी, मोठी धरली आहे ती भयासाठींच. त्यावर सात वर्षांची किमान मर्यादा घातली आहे ती भयासाठीं नव्हे, प्राणांसाठीं. चाकू घेऊन शिरणारा माणूस गोंधळला, चिडला, पळतांना कोणी आडवा आला, तर एक मुडदा पडतो. खेळणें घेऊन शिरणाराच्या हातून, त्याच्या मनांत कांहीं असलें तरी, तें घडत नाहीं. तो लुच्चा असेल, नीच असेल. पण खून करण्याचें साधन तो घरीं ठेवून आला आहे. दोघांस एकच माप लावलें, तर साधन घरीं ठेवून येण्यांत त्याचा लाभ काय? माँतेस्क्यू ह्या फ्रेंच पंडितानें १७४८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत ह्याच मुद्द्यावर बोट ठेविलें आहे. चीनमध्यें लूट आणि लुटींतला खून ह्यांस निरनिराळ्या शिक्षा, म्हणून तेथील लुटारू जीव घेत नाहींत. रशियांत दोहोंस एकच शिक्षा, म्हणून तेथें लुटारू साक्षीदार उरूं देत नाहींत, असें तो लिहितो. त्याची चीन-रशियाविषयींची माहिती कितपत खरी होती हा प्रश्न सोडून देऊं. तर्कांत खोट काढतां येत नाहीं. शिक्षेच्या जिन्यास पायऱ्या असाव्या लागतात. सर्वांत वरच्या पायरीवर प्लास्टिकवाल्यास नेऊन बसविलें, तर पुढच्या खेपेस तो प्लास्टिक आणणार नाहीं.

आमच्याकडील धर्मशास्त्रकारांसही हें ठाऊक होतें. देश, काल, हेतु, अपराध्याची शक्ति आणि अपराधाचें स्वरूप पाहून दंड करावा असें मनु सांगतो. आणि एके ठिकाणीं तर जेथें सामान्य माणसास एक नाणें दंड तेथें राजास हजार असावा, असेंही म्हणतो. त्याच ग्रंथांत ह्याच्या नेमकीं उलट, जात पाहून शिक्षा ठरविणारीं वचनें ढीगभर आहेत, हें आम्ही विसरत नाहीं. जीं वचनें पाळलीं गेलीं तीं कोणतीं आणि पोथींतच राहिलीं तीं कोणतीं, हें वाचकांस सांगावयास नको.

माणूस पाहून कायदा लावण्याची संवय आमच्या देशांत इंग्रजांनींही मोडली नाहीं, उलट पक्की केली. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ सालीं जो हत्यारांचा कायदा झाला, त्यांत हिंदी माणसास परवाना हवा आणि गोऱ्यास सूट, अशी सोय होती. काँग्रेसनें आरंभींच्या वर्षांतच त्याविरुद्ध ठराव केले. तेव्हां कातडी पाहत. आज आडनांव पाहतात, पायांतल्या चपला पाहतात.

हें कायद्याच्या अगदीं वरच्या मजल्यावरही चालतें. २० डिसेंबर १९७८ रोजीं दोघा तरुणांनीं इंडियन एअरलाइन्सचें विमान पळवून वाराणशीस नेलें. शंभराहून अधिक प्रवासी विमानांत होते. मागणी अशी, कीं आदल्या दिवशीं तुरुंगांत गेलेल्या इंदिरा गांधींस सोडावें. जवळ काय होतें? खेळण्यांतलें पिस्तूल आणि क्रिकेटचा चेंडू! रात्रभर माणसें ओलीस राहिलीं. ह्या दोघांचा तुरुंगवास वर्षाच्या आंत आटोपला, पुढें राज्य फिरलें, खटले मागें घेण्यांत आले, आणि १९८० सालीं दोघेही काँग्रेसच्या तिकिटावर उत्तर प्रदेशच्या विधानसभेंत जाऊन बसले. खोट्या पिस्तुलाचें एवढें खरें फळ दुसऱ्या कोणास मिळाल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

आतां दुसरी बाजू पाहा. २०१७ च्या ऑक्टोबरांत मुंबईहून दिल्लीस जाणाऱ्या विमानाच्या शौचालयांत धमकीची एक चिठ्ठी सांपडली. विमान अहमदाबादेस उतरविलें गेलें. कोणास इजा झाली नाहीं, विमानांत शस्त्र नव्हतें, खेळणेंही नव्हतें. २०१६ च्या विमान-अपहरणविरोधी कायद्यांत दोनच शिक्षा आहेत. कोणी मेलें असेल तर फांशी, नसेल तर नैसर्गिक आयुष्य संपेपर्यंत कैद. अपराध शाबीत धरल्यावर न्यायाधीशास तिसरी वाटच नाहीं. २०१९ च्या जूनमध्यें अहमदाबादच्या विशेष न्यायालयानें एका प्रवाशास जन्मठेप आणि पांच कोटि रुपये दंड ठोठावला. २०२३ च्या ऑगस्टमध्यें गुजरातच्या उच्च न्यायालयानें पुरावा पुरेसा नाहीं म्हणून त्यास निर्दोष सोडलें. तोंपर्यंत त्या गृहस्थाचीं वर्षें गेलीं तीं गेलींच. १९७८ सालीं विमान-अपहरणाचा स्वतंत्र कायदा नव्हता, तो १९८२ सालीं झाला, हें आमचे वकील मित्र लगेच दाखवून देतील. आणि तें बरोबर आहे. पण तेवढ्यानें दहा महिने आणि आमरण ह्यांमधलें अंतर भरून निघत नाहीं. एका प्रसंगीं कायदा ढिला होता आणि राजकारण मध्यें पडलें; दुसऱ्या प्रसंगीं कायदा इतका आंवळला होता कीं न्यायाधीशाची बुद्धि मध्यें पडूं शकली नाहीं. किमान शिक्षेचा आग्रह धरणारांनीं ही दुसरी गोष्ट घटकाभर मनाशीं घोळवावी.

चौकींत ज्या मनाई हुकुमाचा उल्लेख झाला, तो १९५१ च्या पोलीस कायद्याच्या सदतिसाव्या कलमाखालीं निघतो. सण, निवडणूक, मोर्चा, कांहीं निमित्त झालें कीं तो निघतो. तरवारी, भाले, बंदुका, सुऱ्या, सोटे, काठ्या आणि 'शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडेल अशी दुसरी कोणतीही वस्तु' बरोबर नेण्यास त्यानें मनाई होते. मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, आणि कारणें लिहून ठेविल्याखेरीज चार महिन्यांहून कमी नाहीं. आतां प्लास्टिकच्या पिस्तुलानें कोणास इजा होईल? डोक्यांत हाणलें तर टेंगूळ येईल. पण मग आमच्या हातांतली छत्री, वकिलांच्या हातांतलें कायद्याचें जाडें पुस्तक, ह्यांनीं काय कमी येईल? आमच्या वाडींत रोज पन्नास कोयते हिंडतात. जो कायदा इतका रुंद असतो तो सर्वांस लागू करतांच येत नाहीं. मग तो कोणास लावावा हें गाडींतून उतरणारा शिपाई ठरवितो.

विलायतेंत ह्या विषयाचा पुष्कळ खल झाला आहे. तेथें सार्वजनिक जागीं योग्य कारणावांचून नकली अग्निशस्त्र बाळगणें हाही गुन्हा आहे, बारा महिन्यांपर्यंत कैदेचा. म्हणजे आमच्या मंडळींची मागणी तेथें कांहींशी मान्य झाली आहे, हें आम्ही लपवीत नाहीं. पण तेथेंही 'योग्य कारण' सांगण्याची वाट मोकळी आहे आणि शिक्षा खऱ्या पिस्तुलाहून फार खालीं आहे. ह्याच कायद्यांतून २००५ सालीं एक मौजेचा प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्सपुढें गेला. एका चोरानें कोटाच्या आंत बोट ताठ धरून पिस्तुलाचा भास करविला होता. खालच्या न्यायालयांनीं त्यास नकली अग्निशस्त्र बाळगल्याबद्दल दोषी धरलें. लॉर्डांनीं तें रद्द केलें. माणसाचें बोट हें त्याचें स्वतःचें अंग आहे, ती जवळ बाळगण्याची वस्तु नव्हे. जबरी चोरीचा गुन्हा त्यानें कबूलच केला होता, तो कायम राहिला. दुकानदाराच्या भयासच सर्वस्व मानिलें, तर बोटासही दोन वर्षें द्यावीं लागतील. सराफांस हें सांगितलें तेव्हां तेही हंसले. मात्र मत बदललें नाहीं.

त्या देशाचें दुसरें पाऊल आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटतें. २००६ च्या कायद्यानें, १ ऑक्टोबर २००७ पासून, हुबेहूब दिसणारें नकली अग्निशस्त्र बनविणें, आणणें, विकणें हाच गुन्हा ठरविला; नाटक, सिनेमा, वस्तुसंग्रहालयें ह्यांस सूट ठेवली. बाजारांत खेळणें यावयाचें तर तें भडक तांबडें, नारिंगी, पिंवळें, हिरवें किंवा आरपार दिसणारें असावें. अमेरिकेनें १९८८ सालींच नळीच्या टोंकास नारिंगी खूण सक्तीची केली. तेवढ्यानें सगळें साधतें असेंही नव्हे. २०१४ च्या नोव्हेंबरांत क्लीव्हलंड शहरांतील बागेंत बारा वर्षांचा एक काळा मुलगा जें नकली पिस्तूल घेऊन खेळत होता, त्याची नारिंगी खूण निघालेली होती. पोलिसांची गाडी थांबली आणि दोन सेकंदांच्या आंत गोळी सुटली. तेथेंही मुलाच्या हातांतल्या वस्तूबरोबर मुलगा कोणाचा हें पाहिलें गेलें कीं नाहीं, ह्यावर तो देश अजून भांडतो आहे. परंतु बनविणारावर बंधन घातलें तर तें सर्वांवर सारखें पडतें, हें उघड आहे. नारिंगी पिस्तूल आमच्या पुतण्याच्या मुलाच्या हातींही नारिंगी आणि बाईंच्या मुलाच्या हातींही नारिंगी.

म्हणून आमची मागणी अशी. हुबेहूब काळीं पिस्तुलें पेठेंत मुलांस विकणाऱ्या आणि बनविणाऱ्या व्यापाऱ्यांस कायद्यानें आवरावें. खेळण्यानें भय घालून जो लुटतो, त्यास जबरी चोरीच्या दहा वर्षांत न्यायाधीशानें पाहिजे तितकी शिक्षा द्यावी. नुसतें हातीं असण्याबद्दल शिक्षा नको, आणि न्यायाधीशाचा हात बांधणारें किमान माप तर मुळींच नको.

वकिलांनीं ह्यांतलें पहिलें मान्य केलें, दुसरें अर्धें; निवृत्त अधिकारी फराळाच्या ताटाकडे वळले. सराफ उठतांना एवढेंच म्हणाले, कीं तुमच्या छातीला अजून कांहीं लागलेलं नाहीं. त्यांचें तें म्हणणें खरें आहे. परवां त्यांच्या दुकानावरून जाणें झालें, तेव्हां दारांत स्टुलावर बंदूक घेऊन एक नवा रखवालदार बसला होता. बंदूक चालणारी कीं नुसती दाखवावयाची, तें आम्हीं विचारलें नाहीं.